मेलेल्या ड्रायरचा हप्ता

३ मार्च

नाही, आधी मी बोलणार. तू मध्ये बोलायचं नाहीस. ही वही तू उघडलीस, मी उघडून दिलेली नाही. कपाटात स्वेटरांच्या खाली, उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेल्या वहीला काही पाय फुटत नाहीत. परवा मी ती घाईत वाकडीतिकडी कोंबली होती. आज बघते तर कडेला कड लावलेली, अभ्र्याची घडी चौकोनी. चोर तो चोर, वर नीटनेटका!

ताई, तूच. दुसरं कोण असणार? या खोलीत पलंग दोन, माणसं दोन, त्यातलं एक मी.

तर वाच. पण वाचतेसच तर सगळं वाच, आणि मग त्या दवाखान्यातल्या आवाजात 'काही हवंय का गं तुला?' विचारू नकोस. हवंय. मला या घरातून बाहेर पडायचंय.

माझं दिवाळं निघालं. तूपण म्हणून बघ, जीभ झडत नाही. बाबा 'तुझं ते' म्हणतात. 'तुझं ते झाल्यापासून.' जशा काही मला कांजिण्या आल्या होत्या. पाच वॉशिंग मशिनं, दोन ड्रायर, भिंतीला लागून एक बाक, आणि बाकावर बसून आपलेच कपडे गरगर फिरताना बघणारी माणसं. दोन वर्षं चार महिने चाललं. मग समोर मोठी लाँड्री आली, मग मोटर जळली, मग एक ड्रायर धूर काढून मेला, आणि मी तरी हप्ते भरत राहिले, एका कर्जातून काढून दुसऱ्यात. मागच्या जूनमध्ये कोर्टाने सगळं ऐकून घेतलं, मशिनं ओढून नेली आणि कागद दिला. ही मोकळी. जुनं देणं संपलं. खाली शिक्का.

मोकळी! आणि झोपते कुठे, तर शाळेत असताना झोपायचे त्याच पलंगावर. पाय बाहेर येतात.

५ मार्च

खोली बघितली. बघितली म्हणजे काय, मनात सामानसुद्धा लावून झालं.

घड्याळ दुरुस्तीच्या दुकानावर आहे. आधी तिथे कोणी फोटो धुणारा होता, त्यामुळे एका भिंतीला लांबलचक स्टीलचं सिंक, दोन नळ, आणि पाणी असं गपकन गिळणारी मोरी. खिडकीत दुपारभर ऊन. मी सिंकच्या काठावर हात ठेवून उभी राहिले तर घरमालकीण म्हणाली, "बाकीचे आधी बाथरूम बघतात."

हॉटेलात मी चादरी मोजते. पण डाग पडला की सगळे माझ्याकडेच येतात. लिपस्टिक, वाइन, शाई, रक्त. रक्ताला गरम पाणी घातलं की मेलात, हे मोठमोठ्या लोकांना माहीत नसतं. मी फक्त डाग काढून देईन. मशीन नको, कर्ज नको. ब्रश, चार बाटल्या, ऊन. पाटी पण सुचलीये, पण ती इथे लिहिणार नाही, ताई, तू हसशील.

दिवाळ्याचं मी स्वतःहून सांगितलं. घरमालकीण म्हणाली, "मोकळ्या झालात ना? मग झालं. फक्त आत्ता कुठे थकबाकी नको. माझा आधीचा भाडेकरू थकबाकीवाला होता, वसुलीवाले माझ्या दारात यायचे. क्रेडिट रेकॉर्ड आणा. महिनाअखेरपर्यंत थांबते तुमच्यासाठी."

नाचत घरी आले. सांगायला कोणी नव्हतं. ताई मेडिकलच्या दुकानात ड्यूटीवर, बाबा बाहेर. पाच तारीख म्हणजे पेन्शनची रांग. संध्याकाळी आले ते लंगडत. स्कूटर अजून गॅरेजात आहे, डिसेंबरपासून. मी म्हटलं, त्या मेकॅनिकला मी झापून येते. तर म्हणाले, "असू दे गं भिंगरी, चालणं चांगलं असतं." आणि गुडघ्याला बाम चोळत बसले.

मला भिंगरी म्हणतात. लहानपणी गोड वाटायचं.

७ मार्च

रेकॉर्ड आलं. सगळं बरोबर आहे. प्रत्येक कर्जापुढे 'कोर्टाच्या आदेशाने बंद'. आणि मग एक ओळ.

ड्रायर. खातं चालू. थकबाकी आहे. शेवटचा भरणा फेब्रुवारीत.

कुठला ड्रायर? धूर काढून मेला तो! भंगाराच्या ट्रकमध्ये त्याला चढवताना मी स्वतः मागून ढकलला. मेलेल्या ड्रायरचा हप्ता कोण भरतंय, त्याचं भूत? आणि संपर्काचा नंबर म्हणून भलताच नंबर टाकलाय, शेवटी सदतीस. माझा नाही. नक्की कुठल्या तरी दुसऱ्या बाईचं खातं माझ्या नावावर चिकटवलंय. तीपण लाँड्रीवाली असेल. तिचाही ड्रायर मेला असेल. बिचारी.

जेवताना सांगितलं. ताई म्हणाली, "अर्ज टाक, दुरुस्त करतील." बाबा म्हणाले, "खातं चालू आहे म्हणजे चांगलंच ना?"

"बाबा, ते बंद असायला हवं."

"बंद कशाला? चालू असलेलं बरं असतं."

त्यांना कळतच नाही. एकतीस वर्षं वीज कंपनीत मीटर रीडर. बिल थकलं की वायर कापायलाही त्यांनाच पाठवायचे. मग सुरू झाली ती नेहमीची गोष्ट. दारात माणूस उभा, आत पोरं, आणि बाबांच्या हातात पक्कड. "मी म्हणायचो, काहीतरी भरा. थोडं भरा. तेवढ्याची पावती फाडतो आणि जातो. थोडं भरलं की माणूस आपला. मग वायर कापत नाहीत. एकतीस वर्षांत किती वायरी वाचवल्या असतील मी!"

"आणि अजिबात न भरणारे?" ताईने विचारलं. तिला पाठ आहे, तरी विचारते.

"ते चोर."

मी ताटात बघत राहिले. बाबांच्या लक्षात आलं असावं, कारण पोळी तशीच ठेवून उठले.

१० मार्च

हे काय आहे?

३ मार्चच्या पानावर मी 'चार महिने' लिहिलं होतं. कोणीतरी 'चार'वर बारीक रेघ मारून वर 'पाच' लिहिलंय. पेन्सिलने. टोक काढलेल्या पेन्सिलने. मी बोटांवर मोजलं. खरंच पाच आहेत!

ताई, तुझी हिंमत! चोरून वाचतेस आणि वर मास्तरणीसारखी दुरुस्त करतेस? आणि आकड्यांत तुझं डोकं कधीपासून चालायला लागलं? लाँड्रीच्या उद्घाटनाला तू उशिरा आली होतीस. बाबांनी दर महिन्याला येऊन तिथलं मीटर वाचलं, सवयीने, कोणी सांगितलं नसताना. तू दोनदा आलीस, तेही पडदे धुवायला.

आणि बाबांचा बाम लावून वहीला हात लावू नकोस. पानांना वास मारतोय.

१३ मार्च

आज वसुलीवाल्यांना मीच फोन केला. बाहेर जिन्यात बसून.

डिसेंबरात हेच लोक दिवसातून सात-आठ वेळा फोन करायचे. (मागची पानं तू वाचलीच असशील. फोन वाजला की मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडायचे, ते सगळं.) कोर्टाचा कागद दाखवते म्हटलं तरी ऐकायचे नाहीत. एक दिवस मी अशी कडाडले की फोनच बंद झाले. तेव्हापासून एक नाही. मला वाटलं, जिंकले मी.

तीच मधाळ बाई होती. आवाज असा की वाटावं, आता गाणं म्हणेल.

"मॅडम! किती दिवसांनी! कशा आहात?"

"मला माझ्या रेकॉर्डवर ड्रायर दिसतोय."

"हो ना मॅडम. आणि तुमचं सहकार्य किती छान आहे. अगदी न चुकता पाच तारखेला."

"मी काही भरत नाहीये."

"असं कसं मॅडम, पावत्या आहेत की."

"दुसऱ्या कोणाच्या तरी आहेत. तुमचा घोळ झालाय. त्या बाईचं खातं तिला द्या आणि माझं बंद करा."

ती हसली. वाईट नाही हसली, हेच वाईट. "मॅडम, आम्ही कोणाला जबरदस्ती करतो का? मायेने होतं सगळं."

मायेने म्हणे! मी फोन आपटला. म्हणजे नुसतं लाल बटण दाबलं. हल्ली आपटायचीही सोय राहिली नाही.

घरी आले तर बाबा दारातच. "कोणाशी बोलत होतीस?" म्हटलं, कोणी नाही. "त्यांचा फोन आला होता का तुला?" चेहरा पांढराफटक. म्हटलं नाही हो, माझी मैत्रीण होती. तेव्हा कुठे बसले. माझं दिवाळं निघालं आणि या माणसाचं ब्लडप्रेशर वाढलं, हा हिशेब कुठल्या कोर्टात मांडायचा?

१७ मार्च

रेकॉर्ड ऑफिसात अर्धा दिवस. काचेमागच्या माणसाने चष्मा वर करून माझ्याकडे बघितलं, मग खाली करून स्क्रीनकडे.

"तक्रार तपासली. नोंद बरोबर आहे."

"कोणाला विचारून तपासली?"

"ज्यांनी नोंद पाठवली त्यांना."

"म्हणजे चोराला विचारलं, चोरी केलीस का?"

"मॅडम, रांग आहे मागे."

मागे खरंच रांग होती. मागचा माणूस म्हणाला, "त्यांनी मला तर दोन बायका लिहिल्यात. एक असती तर काय हवं होतं!" सगळे हसले, काचेमागचाही. मग जरा विरघळला. म्हणाला, कोर्टाने सोडल्यानंतरही तुम्ही आपणहून हप्ते भरलेत, म्हणजे ते देणं तुम्ही परत मान्य केलंत. आता ते नवीनच झालं. तुम्ही भरले नसतील तर ज्याने भरले त्याने तसं लिहून द्यावं.

त्या बाईला मी कुठून शोधून आणू?

१९ मार्च

ताईशी वाजलं. मोठ्याने. वहीवरून.

"तुझी वही?" ती म्हणाली. "बाई, मला औषधांच्या चिठ्ठ्या वाचून वाचून संध्याकाळी बसची पाटीसुद्धा वाचवत नाही. तुझं रडगाणं कोण वाचेल?"

"मग बामचा वास कसा येतो?"

"मी कशाला बाम लावू? म्हातारी झालेय?"

"आणि पेन्सिल?"

"माझ्याकडे पेन्सिल नाही. लिपलायनर आहे, चालेल?"

बाहेर बाबा कुंड्यांना पाणी घालत होते. स्कूटरच्या जागेवर हल्ली कुंड्या ठेवल्यात त्यांनी. ओरडले, "अगं, भांडू नका! शेजारी ऐकतात!" पाणी कुंडीतून वाहून त्यांच्या चपलेवर, तरी ओततच होते.

ताई खोटं बोलते तेव्हा नाक खाजवते. आज नाही खाजवलं. शिकली असेल.

२० मार्च

खोलीवरून गेले. वर खिडकीला दुसरंच कोणीतरी जोडपं, हात बाहेर काढून ऊन तपासत होतं. घड्याळवाला म्हणाला, "रोज येतात बघायला. पण मालकीण म्हणते, शब्द दिलाय एकीला." मला तिथेच फुटपाथवर बसावंसं वाटलं.

झोप नाही. पाय स्वस्थ नाहीत. हॉटेलात आज अठ्ठावन्न चादरी साठ मोजल्या.

२४ मार्च

लिहू का? लिहिते.

काल वकीलकाकूंकडे गेले होते. काकू कोणाच्याच नाहीत त्या. दिवाळ्याची केस त्यांनी लढवली आणि फी थोडी थोडी करून घेतली, म्हणून मी काकू म्हणते. त्यांना तो सदतीसवाला नंबर दाखवला. म्हटलं, या बाईला शोधू, ती लिहून देईल की हप्ते माझे. त्या म्हणाल्या, "तुझ्या फोनवरून लावू नकोस, कोण असेल सांगता येत नाही. इथून लाव." आणि टेबलावरचा फोन पुढे सरकवला. तो जुना, जड, आपटता येईल असा.

आकडे एकेक दाबले. मनात वाक्य तयार होतं. नमस्कार, तुमचाही ड्रायर मेला का?

दोनदा वाजला. उचलला.

"हो, हो, आहे लक्षात," बाबांचा आवाज. "या महिन्याचे थोडे कमी पडले, मान्य आहे. पुढच्या पाचला भरतो, त्यात हेही. फक्त पोरीला फोन करू नका. तेवढं पाळलंय तुम्ही, मेहेरबानी. हॅलो? मॅडम? ऐकताय ना?"

आवाज असा वाकलेला. दारात उभ्या असलेल्या माणसाचा आवाज.

मी फोन ठेवला. आपटला नाही.

काकूंनी चहा मागवला आणि बराच वेळ फाइल उलटीच धरून वाचत बसल्या. मग म्हणाल्या, "चांगल्या माणसांकडून वसुली सगळ्यात सोपी असते." आणि मग कामाचं बोलल्या. बाबांनी लिहून द्यायला हवं. की मी भरले, पोरीला माहीत नव्हतं, मला भीती घालून फसवलं गेलं. तेवढ्यावर ती ओळ पुसता येते. नाहीतर राहते. वर्षानुवर्षं राहते.

मी म्हटलं, 'फसवलं'च्या जागी 'गैरसमज' लिहू या.

"गैरसमजाने काही तुटत नाही, मुली."

बाबांचा नंबर मला पाठ नाही. माझ्या फोनमध्ये तो नुसता 'बाबा' आहे. जन्मात कधी आकडे बघितले नाहीत.

२५ मार्च

घरात तिघं. बाबांनी विचारलं, "जेवलीस?" म्हटलं, हो. म्हणाले, "बरं."

मग मी बामची बाटली हातात घेऊन बघत होते, उगाच. आणि एकदम हसायला आलं, असं की थांबेना. ताईने विचारलं, काय झालं. मी उठून तिला मिठी मारली. ती म्हणाली, "सोड, वेडी, माझा बाजूबंद तुटेल." बाजूबंद वगैरे काही घातलं नव्हतं तिने.

२८ मार्च, सकाळ

बाबा, तुम्ही वाचताय हे मला कळलंय. ताईची माफी मागून झाली. तिने चॉकलेट मागितलं, आणून दिलं.

तुम्ही आंघोळीला गेलाय, नळ चालू आहे, तेवढ्यात लिहिते. समोर बसलात तर तुम्ही 'जेवलीस?' विचाराल, मी 'हो' म्हणेन आणि झालं आपलं बोलणं. तुम्हाला माझं काही कळतं ते चोरून, मला तुमचं कळतं ते राँग नंबर लावून. ताई म्हणते, या घरात टपालखातं उघडा.

डिसेंबरची पानं तुम्ही वाचलीत. बाथरूममधला नळ वाचलात. आणि मला काही न विचारता, तुम्हाला जे येतं ते केलंत. पक्कड घेऊन कोणी दारात उभं आहे, थोडं भरा, वायर वाचवा. पण ती वायर कोर्टाने आधीच कापली होती, बाबा. कापली म्हणूनच मी मोकळी होते. तुम्ही ती परत जोडलीत. दर पाच तारखेला, चालत जाऊन.

मला राग आहे. तुमच्यावर आहे, खोटं कशाला लिहू? आणि 'न भरणारे चोर' म्हणालात त्याचाही आहे. मी भरले नाहीत, कारण पैसेच नव्हते. एकतीस वर्षांत अशी दारं तुम्ही बघितली असतील, ज्यांच्या आत खरंच काही नव्हतं. त्यांचं काय केलंत ते तुम्ही कधी सांगत नाही.

टेबलावर कागद आहे. वकीलकाकूंनी लिहिलाय. त्यात 'फसवलं गेलो' असे शब्द आहेत. मला माहीत आहे, ते तुमच्या घशाखाली उतरणार नाहीत. मी बदलायला बघितले, बदलता येत नाहीत.

मी समोर उभी राहून मागितली तर तुम्ही सही करालच. माझ्यासाठी. म्हणजे आणखी एक हप्ता. मला तो नकोय. म्हणून मी घरात नसताना करा, किंवा नका करू. मी संध्याकाळी आल्यावर विचारणार नाही. बघेन फक्त.

आता आधी खोलीवर जाते आणि घरमालकिणीला सगळं खरं सांगते, माझ्या तोंडाने. थांबली तर थांबली. मग हॉटेल. तुमची स्कूटर असती तर नेली असती. चार महिने तो मेकॅनिक करतोय तरी काय? आज वाटेतच आहे त्याचं गॅरेज, जाऊन दोन शब्द ऐकवते आणि ओढून घेऊन येते, मग पाहू पुढची पाच तारीख कोण चालत जातं ते.

या वहीत आणखी कुठे चुकलं असेल तर पेन्सिलने दुरुस्त करा, माझी हरकत नाही. सही मात्र पेनने लागते. पेन इथेच ठेवलंय, टोपण काढून.

नळ बंद झाला. निघते.